डाव्या कुशीवरची वाघीण

लग्न होऊन मी नवीन पनवेलला राहायला आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी होकार द्यायला तीन महिने लावले नसते. लहानपणापासून मला मालगाडीचे डबे मोजायची सवय आहे. सुकापूरच्या बाजूच्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी तांदूळ धुता धुता डबे मोजायचे, आणि मोजणी चुकू नये म्हणून तांदूळ तसेच पाण्यात राहायचे.

माझे सासरे रेल्वेतूनच निवृत्त झालेले. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी मालगाडीचे गार्ड म्हणून केली होती, म्हणजे गाडीच्या सगळ्यात शेवटच्या, चारी बाजूंनी वारा येणाऱ्या त्या छोट्या डब्यात एकट्यानं बसून. मला वाटलं होतं, घरात बोलायला माणूस मिळालं. पण बाबा जेवायला खिडकीकडे पाठ करून बसायचे.

"बाबा, आज दोन इंजिनं लावलीत पुढे."

"लावू देत," म्हणायचे आणि आमटी मागायचे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्या घरी इंटरनेट आलं आणि जगात माझ्यासारखे हजारो लोक आहेत हे मला कळलं. त्यातले दोघे पनवेलातच निघाले. एक होते पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सर म्हणायचो. दुसरे दातांचे डॉक्टर, जुन्या पनवेलमध्ये त्यांचा दवाखाना होता. मी स्वतः शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही तिघं रविवारी पनवेल स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, जिथे पत्रा संपतो तिथे, घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो. माझ्या नवऱ्याची पाताळगंगेच्या कारखान्यात पाळ्यांची नोकरी. त्यानं एवढंच सांगितलं, "चहा घरून ने. तिथला मिळमिळीत असतो."

आता पुढचं सांगताना थोडा संकोच वाटतो. आम्हा लोकांना धावत्या गाडीपेक्षा घसरलेली गाडी बघायची ओढ जास्त असते. धावती गाडी मिनिटभरात निघून जाते. घसरलेली गाडी थांबते. एरवी न दिसणारं तिचं पोट दिसतं. मग ती उचलायला दुसरी एक गाडी येते, तिच्यावर प्रचंड क्रेन असते, जॅक असतात, पिवळ्या टोप्यांची माणसं असतात, आणि कोणीही आवाज न चढवता मोठमोठे डबे कपाटं सरकवावीत तसे सरकवतात. ते बघताना मला जी शांतता मिळते ती मला देवळात मिळालेली नाही.

आम्ही अपघात हा शब्द वापरत नसू. सरांनी 'प्रसंग' असा शब्द ठरवून दिला होता. त्यांनीच नियमही घातला होता, की कोणाला इजा झाली असेल तर आपण जायचं नाही आणि फोटोही बघायचे नाहीत. त्यामुळे फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "कोणाला लागलं का?" आणि दुसरा, "किती डबे?" पुढे पुढे या दोन प्रश्नांमधलं अंतर फार कमी होत गेलं. एकदा डॉक्टरांनी दोन्ही एका दमात विचारले. तेव्हा मला स्वतःचीच थोडी लाज वाटली होती. तरी मी डॉक्टरांच्या गाडीत बसलेच.

एका थंडीत, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. मी पोह्यांना फोडणी देत होते.

"प्रसंग झालाय. उरणकडे जाणाऱ्या मार्गावरून एका खासगी कंपनीचा फाटा जातो ना, तिथे. कोणाला काहीही नाही. चार डबे. एक तर शेतातच आडवा झालाय!"

शेवटचं वाक्य त्यांनी असं सांगितलं, जणू त्यांना मुलगी झाली होती.

मी गॅस बंद केला. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कोणाला लागलं का?"

"नाही."

"मग बघायचं काय असतं त्यात?"

 पोहे झाकून मी निघाले.

तिथे पोचलो तेव्हा रेल्वेची माणसं अजून यायची होती. कंपनीचे दोन सुरक्षारक्षक आणि निम्मं गाव जमलं होतं. तीन डबे रुळांवरून उतरून उभेच होते, आणि चौथा बांधावरून घरंगळून खालच्या शेतात, हिरव्यागार वालाच्या ताटव्यात, कुशीवर झोपला होता. त्याची चाकं आमच्या दिशेनं होती. सर टोपी मागे सरकवून बघत राहिले.

आता आमचा अवतार कसा होता ते सांगायला हवं. डॉक्टर रविवारी दुपारपर्यंत दवाखाना चालवत. ते तसेच पांढऱ्या एप्रनमध्ये निघाले होते. सरांच्या हातात वही, खिशाला तीन पेनं. माझ्या हातात मोजायची टेप, कारण डबा बांधापासून किती लांब पडला हे मला भूगोलाची शिक्षिका म्हणून जाणून घ्यायचंच होतं. आम्ही खाली उतरलो तशी गर्दीनं आपोआप वाट करून दिली. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खिशातून दात तपासायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा काढून चाकाच्या आतल्या बाजूला घातला.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"ग्रीस," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. साठीच्या असाव्यात. कमरेला खोचलेलं लुगडं, हातात विळा. शेत त्यांचं होतं.

"सायब कोन हाय तुमच्यात?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या क्षणी 'कोणीच नाही' एवढं म्हटलं असतं तर पुढची दोन वर्षं वेगळी गेली असती. पण सरांना स्त्रियांशी बोलताना टोपी काढायची सवय होती. त्यांनी ती काढली, आणि बाईंना उत्तर मिळालं.

"माजा वाल दबला. लिवून घ्या."

"बाई, आम्ही तसे कोणी..."

"तसे नाय नि असे नाय. वही हाय ना हातात? लिवा."

चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला 'लिहा' म्हटल्यावर राहवत नाही. सरांनी लिहिलं. सरांचा आणखी एक स्वभाव सांगायचा राहिला. ते शुद्ध मराठीचे कट्टर आग्रही होते. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. शब्द शाळेच्या पुस्तकात असतो, बोलताना कोणी वापरत नाही. सर वापरायचे. त्यांनी त्या कागदावर जे लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे, कारण पुढे ते मी फार वेळा वाचलं:

'आज सकाळी एक वाघीण बांधावरून घसरून सदर शेतात डाव्या कुशीवर पडली. वाघीण रिकामी आहे. वालाचे पीक तिच्याखाली दबले आहे. तिला हलवण्यास बरीच माणसे व मोठे यंत्र लागेल. डॉक्टरांनी आरसा घालून आतून तपासणी केली.'

रेल्वे हा शब्द त्यात कुठेही नव्हता. समोर एवढा मोठा डबा पडलेला असताना तो लिहायची गरज सरांना वाटली नाही.

"शिक्का?" बाई म्हणाल्या.

"शिक्का नाही आमच्याकडे."

"शिक्का नाय तं कागद कशाला? चूल पेटवाया?"

डॉक्टरांच्या एप्रनच्या खिशात दवाखान्याचा शिक्का होता. त्यांनी तो उमटवला. बाईंनी कागदाची चार घड्यांची पुडी करून कमरेला खोचली आणि मग आम्हाला पहिल्यांदा बसायला सांगितलं.

दुपारी क्रेन आली. पुढचे पाच तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी आहेत. क्रेनबरोबर आलेल्या लोकांना वाटलं, आम्ही कंपनीचे. कंपनीच्या मॅनेजरला वाटलं, आम्ही रेल्वेचे. दोघांनीही आम्हाला वडापाव दिले. एका मुकादमानं तर जाता जाता सरांना विचारलं, "काय साहेब, आधी पुढचा घेऊ की मागचा?" सरांनी गुरुत्वमध्यावर दोन वाक्यं सांगितली. मुकादमानं मान डोलावली आणि त्याला जसं करायचं होतं तसं केलं. तीन डबे एकेक करून रुळांवर आले. शेतातला चौथा मात्र लांब होता, बांधाची माती भुसभुशीत, क्रेन तिथे झुकवणं बरं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "डबा आमच्या मालकीचा आहे. आमचं आम्ही काढून नेऊ." क्रेन गेली, माणसं गेली, संध्याकाळ झाली. वाघीण तिथेच राहिली.

पुढच्या महिन्याभरात कंपनी बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं आणि मॅनेजर कुठे गेला ते सुरक्षारक्षकांनाही माहीत नव्हतं, कारण सुरक्षारक्षकही नव्हते.

आम्ही मात्र जात राहिलो. एवढा मोठा डबा, कोणाची हरकत नाही, हात लावायला मोकळा, असं भाग्य आमच्यासारख्यांना कुठे मिळणार? सर गंज मोजायचे. डॉक्टर चाकांचे फोटो काढायचे. आता आम्ही बाईंना मावशी म्हणायला लागलो होतो. एका दुपारी त्यांनी आमच्यासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, वरून जाळ. आम्ही वाघिणीच्या सावलीत बसून शेंगा सोलत होतो.

"तो कागद दिला मी तालुक्याला," मावशी सहज म्हणाल्या.

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठला कागद?"

"तुमी लिवलेला. हापिसातली बाई म्हनाली, शिक्का हाय, चालंल. भरपाईचा अर्ज लावलाय."



दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांना दवाखान्यात फोन आला. नंबर शिक्क्यावर होताच. डॉक्टरांच्या समोर एक माणूस तोंड उघडून बसला होता.

"डॉक्टर, मी वनविभागातून बोलतोय. तालुक्याहून तुमचा कागद आलाय. वाघिणीला तपासलं ते आपणच का?"

डॉक्टर म्हणाले, "हो."

"ती अजून रिकामीच आहे? म्हणजे उपाशी?"

"रिकामीच आहे. तिला काय भरणार आता?"

 पलीकडचा आवाज हळू झाला. "दात कसे आहेत?"

इथे डॉक्टरांना काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण समोरच्या माणसाचा जबडा आखडायला लागला होता, म्हणून त्यांनी "तुम्ही या, बघून घ्या" म्हणून फोन ठेवला.

वनविभागाचे जे वनरक्षक मोटरसायकलवर आले ते पन्नाशीचे, सज्जन, थकलेले गृहस्थ होते. आम्ही तिघं आधीच जाऊन थांबलो होतो. त्यांच्या मागच्या सीटवर जाळं बांधलेलं होतं. एवढ्या लहान जाळ्यात काय मावणार होतं, ते मी विचारलं नाही. ते शेताच्या कडेला थांबले, वाघिणीकडे बघितलं, फाइल उघडली, परत वाघिणीकडे बघितलं.

"ही?"

"हीच," मावशी म्हणाल्या. "धा वेळा सांगितलं, कुनी आयकत नाय."

ते बांधावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "काही हरकत नाही. मी 'वाघीण आढळली नाही' असं लिहितो आणि फाइल बंद करतो."

"पण वाघीण तर आहे," सर म्हणाले.

"सर," मी त्यांची बाही ओढली.

"नाही, नाही. हा प्रश्न भाषेचा आहे. ह्याला वाघीणच म्हणतात. शब्दकोशात बघा. तुम्ही 'आढळली नाही' लिहिलंत तर ते असत्य होईल, आणि मी साक्षीदार आहे."

वनरक्षक शांतपणे म्हणाले, "साहेब, मी 'आढळली' लिहिलं तर पुढचा रकाना आहे, जिवंत की मृत. जिवंत लिहिलं तर मला पिंजरा मागवावा लागेल. मृत लिहिलं तर शवविच्छेदन. कोण करणार? हे करणार?" त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी आरसा खिशात टाकला.

 शेवटी वनरक्षकच म्हणाले की एक मार्ग आहे. रेल्वेतल्या माणसानं लेखी जबाब द्यायचा, की सदर वाघीण हा प्राणी नसून मालगाडीचा डबा आहे. तो जबाब फाइलला लावला की झालं. "नोकरीतलाच पाहिजे असं नाही. निवृत्त चालेल."

सर आणि डॉक्टर दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुम्हा शिकलेल्या माणसांना दुसरे उद्योग नाहीत?"

"बाबा, फक्त सही करायची आहे."

"न बघता मी सही करत नाही. आणि बघायला मी येत नाही." त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून खुर्चीत बसलेले. नोकरीतला गणवेश पांढराच असायचा. तो हा नव्हता, पण इस्त्री तशीच कडक होती.

"कधी निघायचंय?" म्हणाले.

मी सगळ्यांना फोन करून बोलावलं होतं, पण शेतात पोचल्यावर बाबांनी कोणाशी नमस्कार-चमत्कार केला नाही. ते आधी वाघिणीला एक पूर्ण फेरी मारून आले. एका ठिकाणी थांबून हाताच्या तळव्यानं पत्र्यावरची धूळ पुसली आणि खाली रंगवलेला नंबर वाचला. चाकाजवळ बसले, दोन ठिकाणी बोटानं ठोकलं. आम्ही तिघं एरवीचे तज्ज्ञ, त्यांच्या मागे शाळेच्या सहलीसारखे चालत होतो.

मग त्यांनी जबाब सांगितला आणि वनरक्षकांनी उतरवून घेतला. "लिहा. सदर वाघीण चार आस, आठ चाके, लोखंडी, बंदिस्त, दोन्ही बाजूंना दार. सजीव नाही. पूर्वीही नव्हती. चावण्याचा, पळण्याचा अथवा पिल्ले देण्याचा संभव नाही." ते थोडे थांबले. "'पिल्ले' खोडा. ते ओघात आलं."

"राहू द्या," वनरक्षक म्हणाले. "पुढे कोणी विचारायला नको."

सही झाली. मावशींनी सगळ्यांना पाणी दिलं. वनरक्षकांच्या चेहऱ्यावर फाइल हातात आल्यापासून पहिल्यांदा रंग आला असावा. ते मोकळेपणानं म्हणाले, "बाबा, तुमच्या नोकरीत असं कधी झालं होतं?"

मी मनात म्हटलं, आता हे उठणार आणि घरी चला म्हणणार. पण बाबा वाघिणीच्या चाकाला पाठ टेकून बसले होते. कदाचित त्या चाकामुळे असेल. ते बोलायला लागले.

"एकदाच. कुठे ते नको. माझी गाडी पुढून घसरली. इंजिनापासून पाच-सहा डबे. मी शेवटच्या डब्यात, मला नुसता धक्का बसला. गार्डचं काम ठरलेलं असतं. गाडी अडली की मागे चालत जायचं, लांबपर्यंत, रुळावर पटाखे बांधायचे, ते चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं, आणि लाल झेंडी घेऊन उभं राहायचं. म्हणजे मागून दुसरी गाडी आली तर ती थांबेल. मी गेलो. पटाखे बांधले. उभा राहिलो. तेव्हा वॉकीटॉकी वगैरे काही नव्हतं. परत बोलवायचं असलं की इंजिनाची शिट्टी देतात. ती ऐकू आली की परत फिरायचं."

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"वळण होतं. डोंगर मध्ये, रूळ एकेरी. शिट्टी दिली की नाही मला माहीत नाही. मला ऐकू आली नाही. सकाळी आठला उभा राहिलो तो बारा वाजले, दोन वाजले. जेवणाचा डबा गाडीत, पाण्याची बाटली गाडीत. बाजूला एक घर होतं, तिथली बाई ओरडून विचारायची, 'काय विकता?' तिला वाटलं, लाल कापड विकतोय. मी हलू शकत नाही. हललो आणि मागून गाडी आली तर?"

मावशी पुढे सरकून बसल्या. "मंग कवा सोडला तुमाला?"

"सोडलं नाही कोणी. चारच्या पुढे एक गाडी आली. पण मागून नाही. समोरून! ज्या बाजूला माझी गाडी पडलेली, त्या बाजूनं. म्हणजे रस्ता केव्हाच साफ झाला होता. माझी गाडी उचलून, जोडून, निघून गेली होती. दुसरा गार्ड बसवून. त्या गाडीच्या ड्रायव्हरनं माझी झेंडी बघून ब्रेक मारला, खाली उतरला आणि विचारलं, 'काय झालं?' आता मी काय सांगू? मी म्हटलं, 'गाडी पडलीय.' तो म्हणाला, 'कोणती?'"

मावशींनी तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, मग त्यांना आवरेना. त्या मोठमोठ्यानं हसायला लागल्या. "कोनची म्हनाला! अरे देवा! उबा रायला दिवसभर!"

मी घाबरून बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. इतक्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच सांगितली नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी तिथे उभं राहून त्यांना काय वाटलं असेल, आणि नंतर त्यांना दुसऱ्या गाड्या घेऊन परत त्याच मार्गावरून कितीदा जावं लागलं असेल, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मला तेवढ्यात आमचे ते दोन प्रश्न आठवले. कोणाला लागलं का. नाही, कोणाला लागलं नव्हतं.

"आनि त्या बाईनं कापड घेतलं का मंग?" मावशींनी डोळे पुसत विचारलं.

बाबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "नाही. रंग आवडला नाही म्हणाली."

आणि ते हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत. मी लग्नानंतर त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. वनरक्षकही हसत होते. डॉक्टरही. सर मात्र वहीत काहीतरी लिहीत होते. नंतर बघितलं तर 'पटाखे' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह केलं होतं.

फाइल बंद झाली. मावशींना भरपाई काही मिळाली नाही, कारण लोखंडी प्राण्यासाठी नियम नव्हता. पावसाळ्यात त्यांनी वाघिणीच्या अंगावर दुधी आणि शिराळ्याचे वेल चढवले. वरच्या बाजूचं दार उघडं होतं, त्यातून शिडी लावून पेंढा भरला. खालच्या फटीतून कोंबड्या आत जाऊन अंडी घालायला लागल्या. बाबा आता आमच्याबरोबर दर महिन्याला यायचे. गाड्यांबद्दल ते अजूनही फारसं बोलत नसत. ते आणि मावशी वेलांना आधार कुठे बांधायचा यावर बोलायचे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक भंगारवाला कागद घेऊन आला. बंद कंपनीचं सगळं सामान त्यानं उचललं होतं, त्यात वाघीणही होती. दोन वर्षं जिला हलवा म्हणून मावशी सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या, तिच्यासमोर त्या विळा घेऊन उभ्या राहिल्या.

"दुदी कोवळं हाय. आता हात लावायचा नाय."

"आजी, मला ऑर्डर आहे."

"दुद्याला म्हाईत नाय तुजी ऑर्डर."

भंगारवाला समजूतदार होता. त्याचा गॅसचा सिलिंडरही आलेला नव्हता. त्यानं पंधरा दिवस दिले. दुधी उतरवून झाल्यावर, एका सकाळी कापायला सुरुवात झाली. आम्ही तिघांनी सवयीनं खुर्च्या नेल्या होत्या, पण मांडल्या नाहीत. निळी ज्योत पत्र्यावरून फिरत होती आणि डॉक्टर दर थोड्या वेळानं नाक शिंकरत होते. धुरामुळे, असं ते म्हणाले. बाबा मात्र कापणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून सूचना देत होते. "तिथे नको. तिथे आडवी पट्टी आहे आतून. खाली घे." त्या मुलांना वाटलं, हे भंगारवाल्याचे वडील.

तीन दिवस लागले. शेवटचा तुकडा टेम्पोत चढला तेव्हा शेतात लांबट, पांढरट, चपटी झालेली जागा उरली. गवतसुद्धा पिवळं नव्हतं, पांढरं होतं. संध्याकाळ व्हायला लागली तशा कोंबड्या आल्या आणि रोजच्या जागी, त्या उघड्या जमिनीवर, ओळीनं बसल्या. मावशींनी हुसकावल्या. त्या उठल्या, एक फेरी मारून परत तिथेच बसल्या.

"आता यांना शेड बांधाया लागंल," मावशी कंटाळून म्हणाल्या. "तेवढीच लांब. नायतर बसायच्या नायत."

बाबांनी चपला काढल्या आणि त्या पांढऱ्या जागेवरून पावलं टाकत लांबी मोजायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि आकडा सांगितला. मावशी म्हणाल्या, चूक, त्यापरीस लांब व्हती. बाबा परत मोजत आले. मावशी म्हणाल्या, तुमी लांब ढांगा टाकता. मग त्यांनी स्वतः मोजलं, छोट्या पावलांनी, आणि वेगळाच आकडा आला. सरांनी वही काढली होती, पण कोणी त्यांना विचारलं नाही. माझ्या पिशवीत टेप होती. मी ती काढली नाही. त्या दोघांचं अजून चाललं होतं, आणि कोंबड्या त्यांच्या पायांतून वाट काढत होत्या.